विकासकार्यातील नेतृत्व आणि चार संगहवत्थू : ‘समानत्तता’ या निकषाची चिकित्सा

विकासकार्य करणाऱ्या नेत्याच्या अंगी कोणती मूल्ये असावीत, या प्रश्नाची चर्चा गेली तीन-चार दशके जगभर होत आली आहे. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. २००० साली सहस्रक विकास उद्दिष्टांची आणि २०१५ साली सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांची पायाभरणी झाली. या प्रत्येक टप्प्याबरोबर नेतृत्वासाठी मूल्यांच्या याद्याही तयार होत गेल्या. सचोटी, पारदर्शकता, लोकसहभाग, सहानुभूती, उत्तरदायित्व ही त्यांतील नेहमीची नावे होत. बौद्ध अभ्यासकही या कामात मागे राहिले नाहीत. कोणी दस राजधम्म पुढे केले, कोणी चार ब्रह्मविहार, तर कोणी चार संगहवत्थू.

प्रस्तुत लेखात आम्ही चार संगहवत्थूंचाच विचार करणार आहोत. दान, पेय्यवज्ज म्हणजे प्रिय वाणी, अत्थचरिया म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे आचरण आणि समानत्तता, अशी ही चार तत्त्वे आहेत. यांचा विकासकार्यात प्रत्यक्ष वापर झालेला असल्यामुळे त्यांची परीक्षाही प्रत्यक्ष कार्यावरून करता येते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : पहिली तीन तत्त्वे सर्वांना मानवतात, चौथे मात्र सौम्य करून घेतले जाते, आणि चौथ्यावाचून पहिली तीन ही आश्रयदात्याची मूल्ये ठरतात, लोकनेत्याची नव्हेत. हे विधान आम्ही प्रथम पालि ग्रंथांच्या, नंतर श्रीलंकेतील सर्वोदय चळवळीच्या आणि शेवटी पुण्याजवळील माण या गावाच्या संदर्भात तपासून पाहू.

१. पालि ग्रंथांतील संगहवत्थू

‘संगह’ या शब्दाचा येथील अर्थ साठवण असा नाही. विखुरलेल्या माणसांना एकत्र धरून ठेवणे, हा त्याचा अर्थ. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात तथागतांनी या चार तत्त्वांना धावत्या रथाच्या खिळीची उपमा दिली आहे. चाक आसावरून निसटू नये म्हणून जी लहानशी खीळ घातलेली असते, ती निघाली की रथ कितीही भक्कम असो, तो कोसळतो. दीघनिकायातील सिगालोवादसुत्तातही, कुलपुत्राने मित्र व आप्तेष्टांशी कसे वागावे हे सांगताना, याच तत्त्वांचा आधार घेतलेला आहे.

परंतु नेतृत्वाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे सुत्त अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातातील हत्थक आळवकाचे होय. हत्थक हा आळवीचा गृहस्थ उपासक. चार संगहवत्थूंनी परिषद जोडून ठेवणाऱ्या उपासकांत तथागतांनी त्याला अग्रस्थान दिले होते. पाचशे उपासकांसह तो तथागतांच्या भेटीस आला असता, एवढा समुदाय तू कसा सांभाळतोस, असा प्रश्न त्याला विचारला गेला. हत्थकाचे उत्तर सरळ होते : जो दानाने जोडला जाईल त्याला दानाने, जो प्रिय वाणीने जोडला जाईल त्याला प्रिय वाणीने, जो हिताच्या आचरणाने जोडला जाईल त्याला तशा आचरणाने, आणि जो समानत्ततेने जोडला जाईल त्याला समानत्ततेने. येथपर्यंतचा भाग सर्व ग्रंथकार उद्धृत करतात. यापुढील वाक्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हत्थक पुढे सांगतो की त्याच्या कुळात संपत्ती आहे आणि दरिद्री माणसाचे म्हणणे लोक असे ऐकून घेणार नाहीत.

या कबुलीला आम्ही फार महत्त्व देतो. आपल्या शब्दाला वजन येते ते काही अंशी आपल्या संपत्तीमुळे, हे हत्थक झाकून ठेवत नाही. विकासकार्यातील आजच्या नेत्याने, मग तो परदेशी निधी आणणारा असो, कंपनीचा प्रतिनिधी असो वा आपल्याच वस्तीतील विहार समितीचा अध्यक्ष असो, ही कबुली स्वतःशी दिल्याशिवाय मूल्यांची भाषा बोलू नये. लोक सभेला येतात ते मूल्यांसाठी की पदरी पडणाऱ्या लाभासाठी, हे त्याशिवाय त्याला कळणारच नाही.

आता ‘समानत्तता’ या शब्दाकडे वळू. ‘समान’, ‘अत्त’ आणि भाववाचक ‘ता’ अशी याची फोड आहे. येथील ‘अत्त’ म्हणजे नित्य आत्मा नव्हे, हे अनत्तवादी वाचकांना सांगण्याची गरज नाही. ‘स्वतः’ या साध्या अर्थानेच तो शब्द आला आहे. अट्ठकथाकारांनी समानत्ततेचा अर्थ सुखदुःखांत समान असणे, असा केला आहे. बौद्ध संस्कृत ग्रंथांत मात्र या स्थानी ‘समानार्थता’ हा शब्द येतो. ‘अत्त’च्या जागी ‘अर्थ’ आल्याने समान हेतू, समान उद्दिष्ट अशी त्याची छटा होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने कोणता पाठ मूळचा, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. पण व्यवहारात या दोहोंत मोठे अंतर पडते. उद्दिष्ट समान आहे असे म्हणायला काहीच खर्च येत नाही. धरण बांधणारा आणि धरणात घर बुडणारा, या दोघांचेही उद्दिष्ट देशाचा विकास हेच आहे, असे एखाद्या प्रस्तावात सहज लिहिता येते. सुखदुःख समान आहे, असे मात्र त्या दोघांविषयी लिहिता येणार नाही. आजच्या विकासविषयक लेखनात ‘समान उद्दिष्टे’ आणि ‘भागीदारी’ यांचा जो सुकाळ झाला आहे, त्यात समानार्थता आहे, समानत्तता नाही.

अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात या तत्त्वाचा आणखी एक पैलू आढळतो. तेथे श्रेष्ठ समानत्तता कोणती हे सांगताना सोतापन्नाची सोतापन्नाशी, सकदागामीची सकदागामीशी, अनागामीची अनागामीशी आणि अरहंताची अरहंताशी असलेली समानता सांगितली आहे. म्हणजे वरच्याने दोन घटका खाली उतरून गरिबाच्या पंगतीला बसणे, ही समानत्ततेची परमावधी नव्हे. दोघे एकाच पायरीवर उभे असणे ही ती परमावधी होय. नेत्याचे कार्य लोकांना आपल्या पायरीवर आणण्यात संपते. ज्याला पायऱ्यांचे अंतर कायम ठेवायचे आहे, त्याच्या हाती फार तर पहिली तीन संगहवत्थू राहतात.

२. सर्वोदय श्रमदान चळवळ : गुण आणि मर्यादा

चार संगहवत्थू हा विकासकार्याचा पाया करण्याचे श्रेय श्रीलंकेतील सर्वोदय श्रमदान चळवळीला आणि तिचे संस्थापक ए. टी. आरियरत्ने यांना दिले पाहिजे. आरियरत्ने कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयात शिक्षक होते. १९५८ साली ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुव या गावी श्रमदानासाठी गेले. हे गाव सिंहली समाजात बहिष्कृत मानल्या गेलेल्या रोडिया जातीच्या लोकांचे होते, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. पुढे ही चळवळ हजारो खेड्यांत पोहोचली. आरियरत्ने यांना १९६९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९९६ साली भारत शासनाचा गांधी शांतता पुरस्कार मिळाला. २०२४ साली त्यांचे निधन झाले. व्यक्तीच्या जागृतीसाठी चार ब्रह्मविहार आणि समूहाच्या जागृतीसाठी चार संगहवत्थू, अशी त्यांची मांडणी होती. जोआना मेसी यांनी ‘धर्मा अँड डेव्हलपमेंट’ (१९८३) या पुस्तकात या चळवळीचा सहृदय परिचय करून दिला आहे.

या चळवळीचा मोठा गुण असा की धम्म हा विहारापुरता आणि परलोकापुरता आहे, हा समज तिने कृतीने खोडून काढला. रस्ता, विहीर, बालवाडी ही धम्माचीच कामे आहेत, हे तिने सामान्य उपासकाला पटवले. श्रमदानाच्या शिबिरात सर्व जातींचे लोक एकत्र राबत व एकत्र जेवत. ही समानत्ततेची साधना नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही.

तथापि शिबिर संपल्यावर काय उरते, हा खरा प्रश्न आहे. रिचर्ड गोम्ब्रिच आणि गणनाथ ओबेसेकेरे यांनी ‘बुद्धिझम ट्रान्सफॉर्म्ड’ (१९८८) या ग्रंथात असा आक्षेप घेतला की सर्वोदयाचे खेडे हे प्रत्यक्षातील खेडे नसून शहरी मध्यमवर्गाने कल्पिलेले, एकजिनसी, कलहरहित असे खेडे आहे. आमच्या मते हा आक्षेप रास्त आहे. पण तो आपल्याला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना, खेडे हा राज्यघटनेचा घटक मानावा ही मागणी फेटाळली होती. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर म्हणून त्यांनी खेड्याकडे पाहिले. वेशीबाहेर राहिलेल्या माणसाला गावाच्या एकोप्याची गोष्ट सांगता येत नाही, कारण तो एकोपा त्याला वगळूनच सिद्ध झालेला असतो.

सर्वोदयाच्या वाचनात समानत्तता ही शिबिरातील भावना झाली. एकत्र राबण्याने, एकत्र जेवण्याने ती जागी होते, हे खरे. परंतु जमीन कोणाच्या नावावर आहे, निर्णयाच्या वेळी कोणाचे मत मोजले जाते आणि चुकीचा निर्णय झाल्यास त्याचे फळ कोण भोगतो, या तीन ठिकाणी जोवर समानता येत नाही, तोवर जेवणाच्या पंगतीतली समानता दुसऱ्या दिवशी सकाळी मावळते. आरियरत्ने यांच्या वैयक्तिक निष्ठेविषयी आम्हाला शंका नाही. नेत्याची निष्ठा आणि त्याने उभी केलेली व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच आम्हाला म्हणावयाचे आहे.

३. अनुमती कोणाची? माणचे उदाहरण

हा प्रश्न आपल्याकडे कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी आम्ही माण हे गाव निवडले आहे. साताऱ्याचा माण तालुका नव्हे. पुण्याच्या पश्चिमेस, हिंजवडीला लागून असलेले, मुळशी तालुक्यातील माण. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, म्हणजे लोक ज्याला नुसते ‘आयटी पार्क’ म्हणतात ते, हिंजवडी आणि माण या गावांच्या जमिनींवर टप्प्याटप्प्याने पसरले. माण ते शिवाजीनगर या सुमारे तेवीस किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेची कोनशिला डिसेंबर २०१८ मध्ये बसवली गेली. तिचे एक टोक आणि आगार माणलाच आहे. भातखाचरांच्या या मुलखात एका पिढीच्या आत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्याला आज जागतिक विकास म्हणतात आणि ज्याला ग्रामविकास म्हणतात, ते दोन्ही येथे एकाच रस्त्यावर भेटतात.

विकास आणि बौद्ध विचार यांची सांगड घालणारे लेखक अशा प्रसंगी दीघनिकायातील कूटदन्तसुत्ताचा हवाला देतात. राजा महाविजिताला यज्ञ करावयाचा होता. राज्यात चोऱ्या-लुटालूट चालू होती. पुरोहिताने सल्ला दिला की वध-बंधनाने चोर संपत नाहीत. शेती करणाऱ्यांना बीज आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, राजसेवकांना अन्न-वेतन द्या. त्याप्रमाणे केल्यावर राज्य निर्भय झाले. पुढे यज्ञही झाला तो पशुहत्येविना, वृक्षतोडीविना, आणि दास-कर्मकरांवर धाक-दडपशाही न करता. ज्यांची इच्छा होती त्यांनी काम केले, ज्यांची नव्हती त्यांनी केले नाही. दारिद्र्य हे गुन्ह्याचे मूळ आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे हे सुत्त आपणा सर्वांना अभिमानास्पद वाटते, आणि ते योग्यच आहे.

परंतु अभिमानाने चिकित्सा थांबू नये. यज्ञापूर्वी राजाने ज्यांची अनुमती घेतली, ते चार ‘अनुमतिपक्ख’ कोणते? मांडलिक क्षत्रिय, अमात्य व पारिषद, धनाढ्य ब्राह्मण आणि संपन्न गृहपती. ज्यांना बीज आणि चारा मिळाला तो शेतकरी आणि ज्यांना धाक दाखवला गेला नाही तो दास-कर्मकर, यांची अनुमती विचारल्याचा उल्लेख नाही. त्यांच्या वाट्याला दान आले, हित आले, गोड शब्दही आले असतील. निर्णयातील वाटा आला नाही. राजेशाहीच्या काळातील कथेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, हे खरे. पण तीच कथा आजच्या नेतृत्वाचा आदर्श म्हणून पुढे ठेवायची असेल, तर तिच्यातील ही उणीव सांगितलीच पाहिजे.

ही उणीव प्राचीन काळाबरोबर संपली, असे कोणी समजू नये. भूमिसंपादनाचा २०१३ चा केंद्रीय कायदा हा १८९४ च्या वसाहतकालीन कायद्याहून पुष्कळच न्याय्य आहे. त्याने ‘बाधित कुटुंबां’त जमीनमालकांबरोबर भूमिहीन शेतमजूर, कुळे आणि कारागीर यांनाही धरले, बाधित क्षेत्रात तीन वर्षे काम केलेले असणे, एवढी अट घातली. खाजगी कंपनीसाठी ऐंशी टक्के आणि खाजगी-सार्वजनिक भागीदारीसाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमतीही आवश्यक केली. मात्र कायदा बारकाईने वाचला तर असे दिसते की ही टक्केवारी मोजताना ज्यांची जमीन वा स्थावर मालमत्ता जाते अशी कुटुंबे आणि शासनाने ज्यांना जमीन दिली आहे अशी कुटुंबेच धरली जातात. भूमिहीन मजूर पुनर्वसनासाठी बाधित ठरतो, संमतीसाठी नाही. औद्योगिक महामंडळासाठी जमीन घेतली जाते ती मुख्यतः महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली, आणि त्यात अशी टक्केवारीची अटच नाही. अडीच हजार वर्षांच्या अंतराने महाविजिताचे चार अनुमतिपक्ख आणि आजचे सातबाराधारक एकाच रांगेत उभे दिसतात.

मुळशी तालुक्याला याचा पूर्वानुभव आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह सेनापती बापट यांच्या नावाने आपल्याला माहीत असतो. राजेंद्र व्होरा यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ (१९९४) या ग्रंथात या लढ्याची सामाजिक चिरफाड केली आहे. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. मोबदला मिळण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांचे हित आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या मावळ्यांचे हित वेगळे झाले, आणि लढा त्या ठिकाणी दुबळा पडला. सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला; त्यांच्या त्यागाविषयी कोणी शंका घेणार नाही. तरीही एका नेत्याच्या त्यागाने मालक आणि कसणारा यांच्या सुखदुःखातील अंतर भरून निघाले नाही. वैयक्तिक मूल्यांची मर्यादा दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या समाजाचा प्रश्न येथे आणखी गुंतागुंतीचा होतो. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियमाने, १ ऑगस्ट १९५९ पासून, वतनमुक्त झाल्या आणि भोगवटा-मूल्य भरून वतनदारांना परत देण्यात आल्या. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीविना हस्तांतर करू नये, या शर्तीवर. एकेका गटावर अनेक वारस, वाटणी न झालेली, शर्त अंगावर असलेली ही जमीन औद्योगिक पट्ट्यात आली की तिचा भाव वाढतो आणि तिच्या धन्याचा शब्द मात्र वाढत नाही. ज्यांच्याकडे वतनही नव्हते, जे दुसऱ्याच्या खाचरात आवणी-कापणी करून जगत होते, ते तर कोणत्याच यादीत नसतात. अशा गावात नेता म्हणवणाऱ्याची पहिली परीक्षा येथेच होते. मोबदल्याची बोलणी चालू असताना तो सातबारावर नाव असलेल्यांच्या सभेला जातो की नाव नसलेल्यांची सभा बोलावतो?

जमीन गेल्यानंतर दान येते. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १३५ प्रमाणे, ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही तेथे म्हटले आहे. शाळेला संगणक, गावाला आरोग्य शिबिर, मुलींना सायकली ही कामे चांगलीच आहेत. त्यांची थट्टा करणे आम्हाला मान्य नाही. पण खर्च कशावर व्हावा, हे ठरवणारी समिती कंपनीच्या संचालकांची असते. गावाचे तेथे मत नसते. दान आहे, गौरवपर अहवालांतून प्रिय वाणी आहे, प्रशिक्षणातून अत्थचरियाही आहे. रथाला चौथी खीळ नाही.

४. समानत्ततेचे व्यवहाररूप : पवारणा

येथे कोणी विचारील की समानत्तता ही इतकी कठीण असेल तर ती आचरावी कशी? नेत्याने घरदार सोडून झोपडीत राहावे काय? आमचे उत्तर असे की तथागतांनी समानत्तता ही केवळ मनोवृत्तीवर सोपवली नाही. संघाच्या कारभारात तिला नियमांचे रूप दिले. विनयपिटकात संघकर्मासाठी ञत्ति म्हणजे प्रस्ताव मांडण्याची, महत्त्वाच्या कामी तो तीनदा उच्चारून आक्षेप मागवण्याची, आजारी भिक्खूचा ‘छंद’ म्हणजे संमती कळवण्याची आणि मतभेद न मिटल्यास शलाका वाटून बहुमत घेण्याची रीत आहे. शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा? आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि कोणाचे मत घेतले, कोणाचे घेतले नाही, हे जाणणारा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात संघाच्या याच संसदीय रीतीचा निर्देश केला होता. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविषयीही इशारा दिला, हा योगायोग नव्हे. जेथे रीत नसते, तेथे विभूती लागते.

या सर्व रीतींत नेतृत्वाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची म्हणजे पवारणा. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खू, तोही थेरापासून आरंभ करून, उकिडवा बसून, हात जोडून संघाला विनंती करतो की माझा दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल वा तुम्हाला शंका आली असेल, तर सांगा. नवदीक्षिताने थेरासमोर दोष कबूल करणे कोणत्याही पंथात असते. येथे थेर आधी बसतो. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात तर स्वतः तथागत संघाला विचारतात की माझ्या कायिक वा वाचिक आचरणात काही दोषास्पद आहे काय. सारिपुत्त उत्तर देतात की तसे काही नाही. उत्तर काय आले याहून प्रश्न विचारला गेला, याला आम्ही अधिक महत्त्व देतो. ज्याला विचारण्याची सर्वांत कमी गरज होती, त्याने स्वतःला नियमातून वगळले नाही. आमच्या मते समानत्ततेची याहून नेमकी व्याख्या नाही.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर मगधाचा अमात्य वस्सकार आनंदांना विचारतो की तथागतांनी कोणा भिक्खूला आपल्या जागी नेमले आहे काय. मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लानसुत्तात आनंदांचे उत्तर आहे की कोणालाही नेमलेले नाही. धम्म हाच संघाचा आधार आहे. जी संस्था एका व्यक्तीच्या निधनाने वा निवृत्तीने खिळखिळी होते, तिने हे सुत्त पुन्हा वाचावे.

संघाच्या या आदर्शालाही मर्यादा होती, हे येथे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. गरुधम्मांनुसार भिक्खुनींना भिक्खुसंघापुढेही पवारणा करावी लागे, पण भिक्खूंना भिक्खुनीसंघापुढे ती करावी लागत नसे. भिक्खुनीने भिक्खूचा दोष दाखवण्यासही बंदी होती. या नियमांच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु परंपरेत ते राहिले आणि त्यांनी समानत्ततेला अर्ध्यावरच अडवले. आजच्या उपासिकांनी हा अर्धा भाग मागून घेणे, हे धम्माच्या विरुद्ध नसून त्याच्या तर्काला धरूनच आहे.

प्रिय वाणीविषयीचा एक गैरसमजही येथेच दूर करावा. मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्तानुसार तथागत खरे आणि हितकारक वचन, ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी, योग्य वेळी बोलतात. पेय्यवज्ज म्हणजे खुशामत नव्हे. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा ज्या वतनाला आपल्याच समाजातील कित्येक जण हक्क मानून बसले होते, त्याला त्यांनी गुलामगिरी म्हटले. आपल्या माणसांना न रुचणारे सत्य सांगण्याचे हे धैर्य आणि त्या सत्याचे परिणाम त्यांच्याबरोबर भोगण्याची तयारी, ही दोन्ही एकत्र असतील तरच तिला नेत्याची प्रिय वाणी म्हणता येईल. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातील गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी मोठा माणूस आणि नामांकित माणूस यांत जो भेद केला, त्याचे सूत्रही समाजाच्या सेवेची तयारी हेच होते.

५. आपल्या संस्थांपुढील प्रश्न

माणसारख्या गावातील कंपन्यांना, महामंडळांना आणि निधी देणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो बजावताना आपल्या घराकडेही पाहावे लागेल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आपल्या विहारांची परंपरा जुनी आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्यानंतरच्या सात दशकांत या पट्ट्यात कामगारांच्या वर्गणीतून विहार उभे राहिले, वाचनालये, अभ्यासिका चालल्या. आज त्यांच्याच शेजारी संगणक क्षेत्रात नोकरी करणारी आपली शिकलेली पिढी सदनिकांतून राहते. हत्थकाप्रमाणे तिच्याही शब्दाला आता संपत्तीचे वजन आहे. ती दान देते, व्याख्याने देते, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. वस्तीतील घरकामगार स्त्री आणि कंत्राटी कामगार हे तिच्या समितीत मत असलेले सभासद आहेत, की केवळ लाभार्थी आहेत?

विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आपल्या संस्थांकडून हिशेब-तपासणी मागतो, विश्वस्त बदलले की बदल अर्ज मागतो. तेवढे कागद पुरे केले की उत्तरदायित्व संपले, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. धर्मादाय आयुक्तांपुढे दोन गटांनी उभे राहून दोष काढण्यापेक्षा, संघापुढे एकत्र बसून दोष ऐकण्याची रीत आपल्याच पिटकात होती, याची आठवण कोणाला राहिलेली दिसत नाही.

म्हणून आम्ही एक साधी सूचना करून हा लेख आवरतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता केली जाते. त्या दिवशी भोजनदान होते, सत्कार होतात, पाहुण्यांची भाषणे होतात. यापुढे त्याच दिवशी विहार समितीच्या पदाधिकाऱ्यांनी, अध्यक्षापासून आरंभ करून, वस्तीसमोर बसावे. वर्षभराचा हिशेब वाचून दाखवावा. आणि पाहिलेला, ऐकलेला वा शंकेत असलेला आपला दोष सांगण्याची विनंती करावी. बोलण्याची पहिली पाळी वर्गणी देऊ न शकलेल्या घरांची असावी, आणि त्यांत स्त्रियांची आधी. जे सांगितले जाईल ते इतिवृत्तात लिहावे आणि पुढच्या आश्विन पौर्णिमेला त्याचे काय झाले, हे वाचून दाखवावे.

याला निधी लागत नाही. प्रशिक्षण शिबिर लागत नाही. फक्त अध्यक्षाने खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसावे लागते.